क्लचची चकती आणि तिची धूळ

मोटारीच्या यंत्रात झिजण्यासाठीच घडवलेले भाग फार थोडे. दट्ट्या, दांडा किंवा दात्यांची चाके झिजली, तर ते त्यांचे वार्धक्य समजावे. क्लचच्या चकतीने झिजणे हा मात्र तिचा नेमून दिलेला धर्म होय. इंजिन आणि चाके यांच्या मधोमध ती उभी असते, आणि एकाची घाई व दुसऱ्यांचा जडपणा यांतील तंटा दर वेळी स्वतःचा थोडासा अंश खर्च करून मिटवते. हा खर्ची पडलेला अंश जातो कुठे, हा प्रश्न आम्हांला कित्येक वर्षे पडला नव्हता. तो पडला दिल्लीच्या एका गल्लीतल्या गॅरेजात.

आमच्याकडे सरकारी लिलावात घेतलेली एक जुनी अँबॅसडर होती. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी या गाडीच्या मागच्या आसनावर फायली चाळीत उमेदीची वर्षे काढली असतील. पुढच्या आसनावर काय चालते याची चौकशी मागे बसणाऱ्याने करू नये, असा तेव्हाचा शिरस्ता होता. निवृत्तीनंतर आम्ही पुढे येऊन बसलो आणि चौकशी करणे भाग पडले. चढ लागला की इंजिनाचा आवाज वाढे, वेग वाढत नसे. आणि थोड्याच वेळात जळक्या चिंध्यांसारखा वास सुटे. मिस्त्रीने गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी मारली आणि गाडीतून उतरता उतरता निकाल दिला, “साब, प्लेट तो गई.” दुसऱ्या दिवशी त्याने गिअरबॉक्स उतरवला, फ्लायव्हीलवरचे आवरण सोडवले, चकती बाहेर काढली, आणि आत साचलेली करडी धूळ गाल फुगवून एका फुंकरीने उडवून दिली. आम्ही रुमाल नाकाला लावून दोन पावले मागे सरकलो. मिस्त्री सरकला नाही. त्या धुळीचा माग काढता काढता आम्ही जिथवर पोहोचलो, ते येथे मांडीत आहोत.

प्रथम क्लच हवाच कशाला, हे पाहू. वाफेच्या इंजिनाला तो लागत नसे. वाफेचा दाब दट्ट्या थांबलेला असतानाही त्याला रेटू शकतो. म्हणून आगगाडीचे इंजिन उभ्या अवस्थेतून थेट चाके फिरवू लागते. पेट्रोलचे इंजिन या बाबतीत दुबळे आहे. ते स्वतः फिरत असेल तरच बळ देते. थांबलेल्या चाकांना एकदम जोडले तर आचका देऊन बंद पडते. तेव्हा फिरणारे इंजिन आणि उभी गाडी यांची गाठ हळूहळू, घसरत घसरत घालून देणारा कोणी मध्यस्थ हवा. त्याचे नाव क्लच. या इंग्रजी शब्दाचा अर्थ घट्ट पकडणे; मौज अशी की, आपल्या पायाचा त्याच्याशी जो संबंध येतो तो पकड सोडवण्यापुरताच. पेडलवरून पाय उचलला की पकड बसते, ती स्प्रिंगांच्या जोराने.

या मध्यस्थीची किंमत ठरलेली आहे. सपाट रस्त्यावर गाडी निघताना, इंजिनाचे फेरे कायम राहिले असे धरले, तर क्लच घसरत असेतोवर इंजिनाने दिलेल्या शक्तीपैकी निम्मी गाडीच्या गतीत जाते आणि उरलेली निम्मी उष्णता होऊन चकतीच्या पृष्ठभागावर उतरते. चालक कितीही निष्णात असला तरी या हिशेबातून त्याची सुटका नाही. चढावर गाडी अर्ध्या क्लचवर तोलून धरणारा चालक तर सगळीच शक्ती जाळीत असतो. खंबाटकीच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात मालमोटारींच्या रांगेत अडकलेल्यांना तो वास परिचयाचा असेल.

घर्षणाचे नियम त्याआधीच ठाऊक झाले होते. १६९९ साली आमाँताँ याने आणि १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात कूलाँ याने असे दाखवले होते की, घर्षणाचे बळ दाबावर अवलंबून असते, पृष्ठभागाच्या विस्तारावर नव्हे. मग क्लच लहानशा बिल्ल्याएवढा का नसावा? पकडीपुरते पाहिले तर दाब वाढवून तसे पुष्कळ साधता आले असते. परंतु लहान पृष्ठभागावर तीच उष्णता एकवटते आणि झीज झपाट्याने होते. तेव्हा क्लचच्या इतिहासातला खरा प्रश्न आकाराचा नव्हता, पदार्थाचा होता: तापूनही न जळणारे, घासूनही लवकर न संपणारे असे काय त्या पृष्ठभागावर चढवावे?

पहिले उत्तर होते चामडे. कार्ल बेन्झच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत स्वतंत्र क्लचच नव्हता. चामड्याचा पट्टा मोकळ्या कप्पीवरून बांधलेल्या कप्पीवर सरकवला की गाडी चालू लागे. गिरण्यांमधून हीच युक्ती पूर्वीपासून रूढ होती. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेन्झची पत्नी बर्था आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटर, ही गाडी घेऊन गेली. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा तिने वाटेत जोडे शिवणाऱ्या एका कारागिराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. मोटारीच्या इतिहासात घर्षणाचा पृष्ठभाग बदलण्याची नोंद झालेली ही पहिलीच खेप असावी, आणि ती दुरुस्ती यंत्रशाळेत न होता चपलांच्या दुकानात झाली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१८९१ च्या सुमारास पॅरिसमध्ये एमिल लेव्हासोर याने इंजिन पुढे, त्यामागे क्लच, त्यामागे दात्यांची पेटी आणि शेवटी मागची चाके, अशी मांडणी केली. आमच्या अँबॅसडरपर्यंत ती तशीच चालत आली. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत बहुतेक गाड्यांत शंकूचा क्लच असे. फ्लायव्हीलच्या पोटात शंकूच्या आकाराची पोकळी, आणि तिच्यात स्प्रिंगने दाबून बसणारा, चामडे मढवलेला दुसरा शंकू. खलबत्त्यात बत्ता घट्ट रुतावा तसा तो रुते, आणि पुष्कळदा सुटायचे नाव घेत नसे. चामडे सुकले की गाडी हिसका देऊन सुटे. इंजिनातले तेल त्यावर उडाले की क्लच घसरू लागे. पहिल्या दुखण्यावर चालक एरंडेल पाजीत. दुसऱ्यावर चिमूटभर मुलतानी माती भुरभुरवीत, कारण ती तेल शोषून घेते. आपल्या घरांतून केसांना व चेहऱ्याला लावली जाणारी ही माती मोटारीच्या पोटातही औषध म्हणून जात होती, हे वाचून आम्हांला प्रथम हसू आले. मग त्या चालकांविषयी आदर वाटला.

शंकूवरचे चामडे बदलणे हे कसबाचे काम होते. सरळ पट्टा शंकूवर नीट बसत नाही. तो कमानीच्या आकारात कापावा लागे, भिजवून ताणून चढवावा लागे, आणि तांब्याच्या रिव्हेटांची डोकी चामड्यात बुडवून ठोकावी लागत. डोके वर राहिले तर ते फ्लायव्हीलला ओरखडे काढी. ही बारीक खबरदारी पुढे पदार्थ बदलले तरी बदलली नाही. आजही क्लचप्लेट घासून रिव्हेटांपर्यंत आली की धातूचा करकर आवाज येतो, आणि तो ऐकूनही जो मालक गाडी हाकतो त्याला प्लेटच्या जोडीला फ्लायव्हीलचाही खर्च सोसावा लागतो.

इतर प्रयोग थोडक्यात सांगतो. इंग्लंडात प्राध्यापक हेल-शॉ याने तेलात बुडालेल्या अनेक धातूच्या चकत्यांचा क्लच काढला. फ्रान्सात द दियाँ-बुताँ या कारखान्याने एकाच चकतीचा मार्ग धरला, आणि अखेरीस जग त्याच मार्गाने गेले. हेन्री फोर्डने १९०८ च्या मॉडेल टीमध्ये तिसरीच वाट काढली: ग्रहगतीची दात्यांची चाके आणि त्यांना आवळणारे, सुती कापड लावलेले पट्टे. ते कापड मालक स्वतःच घरी बदलीत. फक्त पेटीचे झाकण काढल्यावर हातातली चकरी आत पडू नये, एवढी काळजी घ्यावी लागे, आणि ती नेमकी पडे.

आता मूळ प्रश्नाचे दुसरे उत्तर. इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातल्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाचा गृहस्थ राहत असे. उतारावर गाडीवान घोडागाड्यांच्या लाकडी ब्रेकांत जुन्या बुटांचे तुकडे अडकवतात, हे त्याने पाहिले आणि याहून चांगला पदार्थ शोधण्याच्या तो मागे लागला, असे सांगतात. १८९७ साली त्याने धंदा सुरू केला. आपल्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून आणि पत्नी एलिझाबेथ हिचे आद्याक्षर त्यांत गुंफून त्याने मालाला ‘फेरोडो’ हे नाव दिले. प्रथम राळेसारख्या द्रव्यांत भिजवलेले कापडी पट्टे झाले. पण मोटारी जड आणि वेगवान होत गेल्या तसे कापड जळू लागले. १९०८ च्या सुमारास फ्रूडने कापसाच्या जागी अ‍ॅस्बेस्टॉस आणले.

अ‍ॅस्बेस्टॉस हा दगड, पण सुतासारखा पिंजता येणारा, विणता येणारा. ग्रीक भाषेतल्या त्याच्या नावाचा अर्थ ‘न विझणारे’. तापले तरी ते जळत नाही, राळेशी एकजीव होते, स्वस्त पडते. क्लचच्या पृष्ठभागाला जे जे हवे ते सर्व त्यात होते. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात त्याच्या अफाट खाणी निघाल्या, आणि त्यांतल्या एका गावाचे नावच अ‍ॅस्बेस्टॉस पडले. चामड्याचा शंकू मागे पडून सपाट, कोरडी, अ‍ॅस्बेस्टॉस मढवलेली एकच चकती जगभर पसरली, ती या दगडाच्या जोरावर. आज कोणताही नवशिका पहिल्याच आठवड्यात हिसका न बसता गाडी सोडायला शिकतो, याचे पुष्कळसे श्रेय फ्रूडला दिले पाहिजे. ते न देणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु त्या सुताची दुसरी बाजू त्याच देशात, फार दूर नसलेल्या रॉशडेल गावी उघडी पडत होती. नेली केर्शॉ नावाची स्त्री तिथल्या गिरणीत अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत कातीत असे. १४ मार्च १९२४ रोजी ती वारली, तेव्हा तिचे वय ३३ होते. डॉक्टर कुक यांनी तिच्या फुप्फुसांची तपासणी करून त्यांत रुतलेले खनिज कण दाखवले आणि त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ते प्रसिद्ध केले; १९२७ साली त्यांनीच या रोगाला अ‍ॅस्बेस्टॉसिस हे नाव दिले. गिरणीच्या मालकांनी नुकसानभरपाई नाकारली. ही गिरणी ज्या टर्नर अँड न्यूऑल समूहाची होती, त्याच समूहात १९२० च्या दशकात फेरोडोही सामील झाली. १९३० साली मेरीवेदर आणि प्राइस यांचा सरकारी अहवाल आला आणि १९३१ साली नियम झाले. सरकारी नियमांचे बलाबल आमच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. या नियमांचा रोख कारखान्यांकडे होता. तो माल जिथे झिजून पुन्हा धूळ होऊन बाहेर पडणार, त्या गॅरेजांकडे नव्हता.

आपल्याकडे ही चकती विलायती गाड्यांबरोबर आली आणि स्वातंत्र्यानंतर देशी कारखान्यांतून रुळली. हुगळीकाठच्या उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सने मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून अँबॅसडर १९५७-५८ च्या सुमारास काढली, आणि २०१४ च्या मे महिन्यात तिचे उत्पादन थांबेपर्यंत अर्धशतकाहून अधिक काळ ती देशभर धावली. तिचा क्लच म्हणजे वीतभर व्यासाची एक कोरडी चकती. तिच्या दोन्ही अंगांना मढवलेले लायनिंग, मध्ये धक्का सोसणाऱ्या लहान स्प्रिंगा, मागून दाबणारी प्रेशर प्लेट, आणि ती प्लेट सोडवणारे काळे कार्बनचे कडे.

मिस्त्रीने ती बदलली ती आम्ही सावकाश पाहिली, आणि सांगण्यासारखी आहे. त्याने प्रथम बॅटरीची तार सोडली. मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा काढण्यापूर्वी दोन्ही तबकड्यांवर छिन्नीने खूण केली, कारण तो उलटा बसला तर गाडी थरथरते. मग गिअरच्या कांड्या आणि वेगमापकाची तार सोडवली. गिअरबॉक्स निघाला की इंजिनाचा मागचा आधार जातो. म्हणून त्याखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लावला. सगळ्यांत जोखमीचे काम यानंतरचे. गिअरबॉक्स सरळ मागे ओढावा लागतो. तो क्षणभरही चकतीच्या तोंडावर लोंबकळला तर तिचा मधला भाग वाकतो. मिस्त्री आणि त्याचा पोऱ्या उताणे पडून, छातीवर मूल घ्यावे तसा तो ओझ्याचा गोळा घेऊन मागे सरकले. प्रेशर प्लेटचे बोल्ट त्याने एकेक करून पुरते काढले नाहीत. समोरासमोरचे आळीपाळीने थोडे थोडे सैल केले. एकीकडूनच सोडले असते तर आतल्या स्प्रिंगांनी प्लेट मुरगळली असती. चकती हातात आली. एका बाजूला रिव्हेटांची पितळी डोकी चमकत होती. फ्लायव्हीलवर निळसर डाग पडले होते. ती उष्णतेची सही.

आणि मग ती फुंकर.

तिच्याविषयी बोलताना अतिशयोक्ती करू नये, असे आम्हांला वाटते. क्लच तापतो तेव्हा अ‍ॅस्बेस्टॉसचे बरेचसे तंतू रूप पालटून निरुपद्रवी खनिज बनतात, आणि झिजलेल्या धुळीत खरे तंतू अल्प प्रमाणातच उरतात, असे अभ्यासकांना आढळले आहे. गॅरेजमधल्या कारागिरांना त्यापासून नेमका किती धोका, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. तथापि नवे लायनिंग कानशीने घासताना किंवा छिद्रे पाडताना उडणारी धूळ उष्णतेने पालटलेली नसते, आणि आपल्याकडे जुन्या प्लेटला नवे लायनिंग ठोकून देण्याचा धंदा बराच काळ चालला. १९७५ साली अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने ब्रेक आणि क्लच दुरुस्त करणाऱ्यांना या धुळीविषयी स्वतंत्र इशारा दिला. कोरड्या झोताने ती उडवू नये, ओली करून पुसावी किंवा बंद यंत्राने शोषून घ्यावी, हे आता सर्वमान्य आहे. ओल्या फडक्याला चार आणेही पडत नाहीत.

कारखान्यांतल्या कामगारांचा प्रश्न आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २७ जानेवारी १९९५ च्या निकालात न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला, आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या उद्योगांनी प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षे किंवा काम सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तिथवर जपावी, असा आदेश दिला. मुदत इतकी लांब का, हे हा रोग जाणणाऱ्याला कळते: तो दशकानुदशके दबा धरून बसतो. मुंबईतल्या एका गिरणीच्या कामगारांची पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली, तीत पाचांत एकाहून अधिक जणांना अ‍ॅस्बेस्टॉसिस आढळला. परंतु नोंद जपायची तर आधी नोंदवही हवी. गल्लीतल्या मिस्त्रीचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नसते. त्याचा पोऱ्या तर आज इथे, उद्या तिथे. त्यांची चाळीस वर्षे कोण मोजणार?

ब्रिटनने १९९९ साली आणि युरोपीय संघाने २००५ पासून अ‍ॅस्बेस्टॉसच्या वापरावर बंदी घातली. क्वेबेकमधल्या त्या गावाने २०२० साली मतदान घेऊन आपले नावच बदलले. नव्या क्लचप्लेटांत आता काचेचे तंतू, अ‍ॅरमिड आणि तांब्या-पितळेची बारीक तार असते. भारतात अ‍ॅस्बेस्टॉसवर सरसकट बंदी आलेली नाही, आणि जुन्या गाड्यांच्या पोटात, तशीच जुन्या सुट्या भागांच्या दुकानांतल्या खोक्यांत, मागच्या पिढीची लायनिंगे अजून सापडतात. खोक्यावर काय लिहिले आहे ते वाचून घ्यावे, आणि काहीच लिहिलेले नसेल तर दुसरे मागावे.

आमच्या मिस्त्रीला आम्ही हे सारे त्या दिवशी सांगू शकलो नाही, कारण तेव्हा आम्हांलाच ते ठाऊक नव्हते. काही महिन्यांनी कार्बनचे कडे बदलण्यासाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागला, त्या वेळी आम्ही बादलीभर पाणी आणि घरचे जुने धोतर घेऊन गेलो. तो हसला. “साहेबांना गाडीला अंघोळ घालायची आहे,” असे त्याने पोऱ्याला आपल्या भाषेत सांगितले. पण पोऱ्याने फडके भिजवले आणि आवरणाची आतली बाजू पुसून घेतली. फडके काळे झाले, हवेत काही उडाले नाही. मग मिस्त्रीने जुन्या गिअरबॉक्समधून काढून ठेवलेला दांडा चकतीच्या मधोमध घालून ती बरोबर केंद्रात आणली, समोरासमोरचे बोल्ट आवळले, दांडा काढून घेतला, आणि दोघांनी गिअरबॉक्स पुन्हा छातीवर घेतला. पहिल्या खेपेस तो बसेना; चकती केसभर सरकली होती. पुन्हा सैल केले, पुन्हा बसवले.

संध्याकाळी त्याने हातब्रेक ओढला, गाडी वरच्या गिअरात घातली, आणि इंजिन चालू असताना पेडलवरून पाय हळूच उचलला. घसरता क्लच असता तर इंजिन गुरगुरत राहिले असते. ते तत्क्षणी बंद पडले. मिस्त्रीने समाधानाने मान डोलावली, हात पुसायला तेच ओले धोतर घेतले, आणि पोऱ्याला चहा आणायला पिटाळले.